थोरले काका शहाळं घेऊन आले

आमच्या नातेवाइकांत कुणाला साधा ताप आला तरी पहिला फोन मला येतो. मी डॉक्टर नाही. चाकणच्या अलीकडे महाळुंग्याला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहे. गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग येतात, ते मोजायचे, तपासायचे, नापास निघाले तर त्यांना लाल टॅग लावायचा, एवढंच माझं काम. पण 'सॅम्पल', 'रिपोर्ट', 'लिमिटच्या बाहेर' असले शब्द दिवसभर माझ्या तोंडात असतात, आणि एकदा माझं मुतखड्याचं ऑपरेशन झालेलं आहे. एवढ्या भांडवलावर मी घराण्याचा वैद्यकीय सल्लागार झालो. कुणी रक्ताचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला की मी चष्मा कपाळावर चढवतो, आकडे मोठे करून बघतो, "हं" म्हणतो आणि "एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या" असं सांगतो. लोकांना फार धीर येतो म्हणे.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला रक्ताचा कॅन्सर झाला, तेव्हा हे "हं" पुरेना.

बहीण दिलीय रावेतला. तिथं आता जिकडे बघाल तिकडे टॉवर उभे आहेत, पण त्यांच्या मागे जुनं गावठाण अजून आहे, आणि त्यात तिच्या सासरची मंडळी आहेत. आमचे दाजी, म्हणजे तिचा नवरा, कंपन्यांना शिफ्टच्या बसगाड्या पुरवतात. माणूस थोडक्या शब्दांचा. त्यांची एखादी गाडी तळेगाव रस्त्यावर बंद पडली, तर ड्रायव्हरला घरी पाठवतील आणि स्वतः गाडीपाशी बसतील. मेकॅनिक म्हणेल उद्या बघू, हे म्हणतील आत्ता बघ. बंद गाडी रस्त्यात सोडून घरी आलेले दाजी मी कधी पाहिलेले नाहीत. हे मी कौतुकानं सांगतोय, आणि पुढे काय झालं ते कळायलाही याचा उपयोग आहे.

दाजींच्या घराला लागून त्यांच्या थोरल्या चुलत भावाचं घर. मुलगी त्यांना थोरले काका म्हणायची, म्हणजे घरात त्यांचा उल्लेख तसा व्हायचा. प्रत्यक्ष हाक मारायचा प्रश्न नव्हता, कारण दोन घरांचं बोलणं बंद होतं. गाव महापालिकेत गेलं, जमिनींना रस्ते लागले, आणि कुणाच्या वाटेसाठी कुणी किती सरकायचं यावरून भावकीत जे व्हायचं ते झालं. दाजींच्या वडिलांनी, आबांनी, मधे भिंत घातली. छातीइतक्या उंचीची. एकमेकांची माणसं भांडी घासताना दिसावीत पण बोलावं लागू नये, अशा बेतानं गवंड्यानं मोजून बांधल्यासारखी.

बोलणं बंद असलेल्या भावकीचे पण नियम असतात. लग्नाला, बारशाला, वास्तुशांतीला बोलावणं नाही. मयत झालं तर मात्र न सांगता यायचं. दाजींची आई गेली तेव्हा थोरले काका आले, खांदा दिला, माती होईपर्यंत उभे राहिले आणि पाण्याचा घोट न घेता परत गेले. भाची तेव्हा लहान होती, बहिणीच्या कडेवर. तिनं मोठ्यानं विचारलं, "मम्मी, हे आपल्याकडे कधी येतात?" बहीण रडता रडता म्हणाली, "असं काही झालं तरच येतात गं." तिथं उभ्या सगळ्यांनी ते ऐकलं आणि सगळे विसरून गेले.

थोरल्या काकांची धाकटी मुलगी भाचीच्याच वर्गात. दोघी स्कूलबसमध्ये मांडीला मांडी लावून बसायच्या आणि गल्लीच्या तोंडाशी उतरल्या की अनोळखी असल्यासारख्या पुढे-मागे चालत घरी जायच्या. सगळ्यांना माहीत होतं. कुणी कधी काही बोललं नाही. भावकीला तेवढी माणुसकी असते.

पाचवीत असताना भाचीचं पहिलं आजारपण झालं. उपचार फार लांबले, पण निभावलं. केस परत आले, तेही कुरळे. ती म्हणाली, "मामा, तुमचे गेले ते माझ्याकडे आले वाटतं." ती शाळेत जायला लागली. आम्ही जेजुरीला जाऊन आलो. सातवीत तिला पुन्हा ताप यायला लागला, आणि बहिणीनं पाठवलेला रिपोर्ट मोठा करून बघताना मला चष्मा कपाळावर चढवायचीही गरज पडली नाही.

वाकडच्या पुढच्या एका हॉस्पिटलात ती ॲडमिट झाली. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला सांगायचं एकच वाक्य ठरवलं होतं : रक्त कमी झालंय, ते भरून काढायचं आहे. आबा ते वाक्य छान म्हणायचे, दाजी खाली बघून म्हणायचे, बहीण उशी नीट करता करता म्हणायची. मला जमायचं नाही. मी आयुष्यभर ऑडिटरसमोर उभा राहिलेला माणूस, पण या पोरीनं डोळे बारीक केले की मला घाम फुटायचा. मग मी विषय बदलून कंपनीतल्या गमती सांगायचो. हिरवा टॅग म्हणजे माल पास, पिवळा म्हणजे थांबवून ठेवलेला, लाल म्हणजे नापास. एकदा मी चुकून साहेबांच्या डब्याला पिवळा टॅग कसा लावला, ते तिनं कितीदा ऐकलं असेल.

भेटायला येणाऱ्यांची रीघ असायची, आणि आमच्याकडे भेटायला येणं म्हणजे शहाळं आणणं. तिला तर बाहेरचं काही द्यायची मनाई. पांढऱ्या पेशी कमी, कुठूनही जंतुसंसर्ग व्हायची भीती. तरी लोक शहाळी आणत. ती खोलीच्या दाराशी साठत, आणि संध्याकाळी वॉचमन आणि मी मिळून ती संपवत असू. त्या काळात माझी मूत्रपिंडं जितकी स्वच्छ होती तितकी कधीच नव्हती.

एके दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हाला वेगळ्या खोलीत बोलावलं. बाई चाळिशीच्या, बारीक, स्टेथोस्कोपला एक छोटं कापडी अस्वल अडकवलेलं. त्या खोलीत टेबलावर दुसरं काही नव्हतं, फक्त टिश्यूपेपरचा डबा. तो बघूनच मला कळलं. दाजी, बहीण आणि मी बसलो.

बाई हळू पण सरळ बोलल्या. आजार औषधांना दाद देत नाहीये. आता दोन गोष्टी करता येतील. एक म्हणजे अजून एक जोरकस औषध. त्यानं ती बरी होईल असं त्यांना वाटत नव्हतं. काही आठवडे वाढले तर वाढतील, पण छातीतला संसर्ग बघता तिला आयसीयूत न्यावं लागेल, बहुतेक घशात नळी घालून मशिनवर ठेवावं लागेल. दुसरं म्हणजे हे थांबवायचं, आणि दुखणं, धाप, मळमळ कमी राहील एवढेच उपचार करायचे. ते घरीसुद्धा करता येतात. त्यासाठी वेगळी टीम आहे, ती घरी येते.

दाजी म्हणाले, "म्हणजे सोडून द्यायची?"

"सोडणार कुणीच नाही तिला," बाई म्हणाल्या. "मी पण नाही."

"औषध हाय ना पण तुमच्याकडं?"

"आहे."

"मग देत का न्हाई म्हणता?"

"मी नाही म्हणत नाहीये. त्यानं काय होईल ते सांगतेय."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी सल्लागार. मी "हं" म्हणालो. बहीण टिश्यूच्या डब्याकडे बघत होती, पण तिनं एकही घेतला नाही.

निघताना बाईंनी आणखी एक सांगितलं. "मी आपणहून तिला काही सांगायला जाणार नाही. पण तिनं मला विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही. हे आधीच सांगून ठेवते."

"मॅडम, लेकरू हाय ते," दाजी म्हणाले. "लेकराला काय इचारायचं?"

त्या रविवारी आबांनी भावकी बसवली. गावात मोठा निर्णय असला की असंच होतं. सतरंजी अंथरली जाते, चहा फिरतो, आणि ज्याला जे वाटतं ते तो बोलतो. जमीन विकायची असो नाहीतर पोरीचं स्थळ असो. मी मुलीचा मामा, म्हणजे त्या बैठकीत पाहुणा. पाहुण्यानं बिस्किटं खायची आणि मान डोलवायची. कुणी म्हणालं मुंबईला न्या, कुणी म्हणालं आळंदीकडे एक वैद्य आहे, कुणाच्या साडूच्या पोराला असंच झालं होतं आणि आता तो इंजिनिअर आहे. सगळे प्रेमानंच बोलत होते. ज्याला वाईट वाटत नव्हतं असं एकही तोंड तिथं नव्हतं. बहीण आत चहा करत होती. तिला कुणी विचारलं नाही, आणि मीही म्हणालो नाही की तिला बाहेर बोलवा.

शेवटी आबा म्हणाले, "जेवढं करता येतंय तेवढं समदं करायचं. आन् पोरीला कळू द्यायचं न्हाई." सगळे "व्हय" म्हणाले. भिंतीपलीकडे थोरले काका गोठ्यात काहीतरी करत होते. त्यांना ऐकू गेलं नसेल असं मानायला भिंत फार बुटकी होती.

मंगळवारी मी फर्स्ट शिफ्ट संपवून हॉस्पिटलात पोचलो. बहीण जरा घरी गेली होती. दाजी खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होते. भाची फोनवर ल्युडो खेळत होती आणि मला हरवायचं म्हणून थांबली होती. दार वाजलं, आणि थोरले काका आत आले.

पांढरा शर्ट, पांढरी टोपी, हातात एक शहाळं. एवढा धिप्पाड माणूस, पण दारात अशा अंगचोरेपणानं उभा होता, जणू चुकून दुसऱ्याच खोलीत शिरलाय. दाजी उठून उभे राहिले. किती वर्षांनी समोरासमोर आले असतील, मला माहीत नाही. थोरल्या काकांनी शहाळं टेबलावर ठेवलं, ते घरंगळायला लागलं म्हणून पुन्हा धरलं, मग खाली ठेवलं.

"कशी हाय बाय?" ते म्हणाले.

"बरी आहे," भाची म्हणाली.

"व्हशील बरी. रक्त कमी झालंय म्हनं."

म्हणजे आमचं वाक्य भिंत ओलांडून गेलं होतं. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, दाजींच्या खांद्यावर हात ठेवला, आणि दाजी अचानक त्यांच्या छातीवर डोकं टेकून उभे राहिले. मला फार भरून आलं. खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात मी हे दृश्य बायकोला कसं सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो. पोरीच्या निमित्तानं भावकी एक झाली वगैरे. थोरले काका जाताना पाणी न पिता गेले. दाजी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले.

मी ल्युडोकडे वळलो. "टाक, तुझी पाळी."

तिनं फोन पालथा ठेवला.

"मामा, थोरले काका का आले होते?"

"तुला भेटायला. चांगलंय ना? भांडण मिटलं."

"ते आजीच्या वेळी आले होते."

मी तिचा फोन पुन्हा सुलटा केला.

"ते फक्त तेव्हाच येतात," ती म्हणाली. तिच्या आवाजात रडं नव्हतं. गणित सोडवून उत्तर दाखवावं तसं ती म्हणाली. "मामा, खरं बोलायचं हां. मी पिवळी आहे का लाल?"

माझ्या नोकरीत मला हा प्रश्न रोज विचारतात. शिपायापासून प्लांट हेडपर्यंत. मी कधी अडखळत नाही.

"माणसांना टॅग नसतो गं," मी म्हणालो.

"म्हणजे लाल," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

थोरल्या काकांचं काही चुकलं होतं का? नाही. आम्ही एवढे शहाणे, वाक्य ठरवलं, डॉक्टरांना बजावलं, नर्सला बजावलं. पण बोलणं बंद असलेला भाऊबंद चांगलं मन करून आला तर पोर काय समजेल, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ज्या गोष्टीचं आम्हाला कौतुक वाटत होतं तीच तिला बातमी होती.

मी बाहेर जाऊन डॉक्टरबाईंना शोधलं आणि जे झालं ते सांगितलं. दाजींनाही सांगितलं. दाजी आधी माझ्यावर ओरडले, मग लिफ्टच्या दारावर ओरडले. बहीण आली. तिला सांगितल्यावर ती म्हणाली, "बरं झालं." मग म्हणाली, "दादा, रोज तिच्याशी खोटं बोलताना मला उलटी येते. दुखतं तिला. तुम्हा कुणाला नाही दुखत."

"मी तिला घरी नेली," दाजी म्हणाले, "आन् उद्या कुणी सांगितलं की ते औषध दिलं असतं तर... मी काय करायचं तवा? मी बाप हाय तिचा. मीच थांब म्हणायचं?"

ते चूक बोलत होते असं मला आजही वाटत नाही. बंद गाडीपाशी बसून राहणाऱ्या माणसाला तुम्ही ऊठ म्हणता, तेव्हा तो गाडीपाशी का बसला हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

डॉक्टरबाई दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत आल्या. स्टूल ओढून पलंगापेक्षा खाली बसल्या, म्हणजे भाचीला वर बघावं लागू नये. बहीण पलंगावर तिचा हात धरून, दाजी खिडकीशी, मी दाराशी, पळायला सोपं पडावं म्हणून.

"तुला काही विचारायचं आहे म्हणे," बाई म्हणाल्या. "जेवढं विचारशील तेवढंच सांगेन. मधेच पुरे म्हणालीस तर थांबेन."

भाचीनं अस्वलाकडे बघत विचारलं, "नळी घातल्यावर बोलता येतं?"

नळीचं तिला कुणी सांगितलं, आजपर्यंत कळलेलं नाही. मुलांच्या वॉर्डात बातम्या मुलांकडूनच फिरतात.

"नाही. झोपेचं औषध देऊन ठेवतो."

"मम्मी थांबते?"

"ठरलेल्या वेळेला येते. पूर्ण वेळ नाही."

"ते औषध घेतलं तर मी बरी होते?"

बाईंनी स्टूल आणखी जवळ ओढलं. "मला तसं वाटत नाही, बेटा. थोडे दिवस जास्त मिळतील कदाचित. कदाचित नाही मिळणार. आणि त्यातले बरेचसे इथेच जातील."

भाची खिडकीकडे बघत होती. खिडकीकडे म्हणजे दाजींकडे.

"पप्पांना काय पाहिजे?" तिनं विचारलं. बाईंना विचारलं, दाजी समोर असताना.

"ते आपण नंतर बघू. तुला काय वाटतं?"

"पप्पांना पाहिजे असेल तर घेते मी औषध," ती म्हणाली. "मला चालेल. जास्त नाही दुखत."

दाजी खिडकीबाहेर तोंड करून उभे राहिले. खाली हायवेला जनरल शिफ्टच्या बसगाड्या चालल्या होत्या, त्यात एखादी त्यांची पण असेल. बऱ्याच वेळानं ते वळले आणि पलंगापाशी येऊन उकिडवे बसले. घरी चुलीपुढे बसावं तसे.

"माझ्यासाठी न्हाई घ्यायचं काय," ते म्हणाले. "तुला काय पायजे ते बोल."

"तुम्ही रागवाल."

"न्हाई."

"रडाल."

"न्हाई म्हणलं ना."

"घरी जायचंय," ती म्हणाली.

"बरं," दाजी म्हणाले. आणि खाली येऊन पार्किंगमध्ये माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून ते इतके रडले, की मी काय करावं न सुचून एसी लावला.

इथं गोष्ट संपवली असती तर मला बरं वाटलं असतं. पोरीला विचारलं, पोरीनं सांगितलं, आम्ही ऐकलं. पण आमच्या कंपनीत एक साधी गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. बारीक मापाचा तुकडा उघड्या हातानं धरून मोजायचा नाही. हाताच्या उबेनं तो केसभर फुगतो, आणि मग आलेलं माप धरत नाहीत. त्या खोलीत मी बघत होतो. बहिणीनं तिचा हात धरला होता, आणि बोलताना बहिणीचा अंगठा तिच्या मनगटावरून सारखा फिरत होता. आधी ती बापासाठी हो म्हणाली. नंतर घरी म्हणाली ते स्वतःसाठी, की आईच्या अंगठ्यासाठी? की आमचे सगळ्यांचे चेहरे बघून तिनं आम्हाला सोडवलं? मी डॉक्टरबाईंना हे नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, "मुलं आई-बापांना वगळून विचार करत नाहीत. तुम्ही तरी करता का?" हे उत्तर होतं की नव्हतं, ते मला ठरवता आलेलं नाही.

घरी आणताना सूचनांचा कागद वाचायला नेहमीप्रमाणे मला दिला. दुखण्याचं औषध कधी, धाप लागली तर कुणाला फोन करायचा. शेवटी नर्सनं तोंडी सांगितलं, "आता पथ्य काही नाही. जे आवडेल ते द्या." बहीण खूश होऊन म्हणाली, "शहाळं पण?" नर्स म्हणाली, "हो, शहाळं पण." मग बहिणीला त्याचा अर्थ कळला आणि ती कागदाची घडी घालत राहिली.

घरी तिची खाट पडवीत टाकली. तिथून भिंत दिसायची. पहिल्याच दुपारी भिंतीपलीकडून थोरल्या काकांच्या मुलीचं डोकं वर आलं. मग ती एक पाय टाकून भिंतीवर चढली आणि अडकली. आबा ओसरीत बसले होते. भिंत त्यांनीच घातलेली. ते उठले, प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, भिंतीला लावली आणि म्हणाले, "पडशील की गं. नीट उतर." दुसऱ्या दिवशी पलीकडूनही एक खुर्ची लागली. मग ती पोरगी शाळेतून आली की दप्तर टाकून थेट खुर्चीवरून इकडे. दोघी फोनमध्ये डोकं घालून हसायच्या. काय बघायच्या देव जाणे. मी गेलो की फोन पालथा.

थोरले काका मात्र येईनात. रोज शहाळं सोलून, तोंड फोडून, वर स्ट्रॉ लावून भिंतीवरून द्यायचे. मी म्हणालो, "या की इकडे."

"नगं," ते दबक्या आवाजात म्हणाले. "मी आलो की तिला काय वाटतंय ते कळलंय मला. न्हाई येत मी."

पडवीतून आवाज आला. कान कायम तिखट पोरीचे. "थोरल्या काकांना म्हणावं या आत. आता मला माहितीये."

ते आले. खुर्चीवरून नाही, रस्त्यानं वळसा घालून, दारातून. खाटेपाशी बसले. भाचीनं आईला हाक मारून पाणी मागवलं आणि स्वतःच्या हातानं त्यांना दिलं. त्यांनी ते सगळं प्यायलं. मग दोघं काही न बोलता बसून राहिले. तिला धाप लागत होती आणि त्यांना काही बोलायचं सुचत नव्हतं, त्यामुळे दोघांचं बरं जमलं.

ती दिवाळीच्या आधी, एका दुपारी गेली. घरी येणारी सिस्टर होती, औषध वेळेवर दिलेलं होतं. बहीण म्हणते फार त्रास झाला नाही. दाजी म्हणतात, झाला.

दाजी अजून मला व्हॉट्सॲपवर बातम्या पाठवतात. कुठल्या तरी देशात रक्ताच्या कॅन्सरवर नवीन औषध निघालं, असल्या. खाली लिहितात, "हे तेव्हा होतं का?" मी उघडून बघतो. कधी नव्हतं, कधी मला कळतच नाही. "नव्हतं" असं मी लिहितो. कळत नाही तेव्हाही हेच लिहितो.

मध्यंतरी एका रविवारी थोरले काका चिंचवडला आमच्या फ्लॅटवर आले. पहिल्यांदाच. हातात शहाळं. दुसरं काय आणायचं त्यांना माहीत नाही. बायकोनं चहा ठेवला. ते सोफ्याच्या कडेला बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पाव्हणं, एक इचारायचं व्हतं," ते म्हणाले. "तुमास्नी दवाखान्यातलं कळतं म्हनून. मी त्या दिशी गेलोच नसतो, तर?"

"तर काय?"

"तर तिला कळलं नसतं. मग तुमी ते औषध दिलं असतं. व्हय का न्हाई?"

"दिलं असतं," मी म्हणालो.

"मग?"

चष्मा कपाळावर होता. समोर मोठा करून बघायला काही नव्हतं. "मला नाही माहीत, काका," मी म्हणालो.

ते खाली बघत होते. मला तिथं बसवेना, म्हणून मी उठलो, शहाळं स्वयंपाकघरात नेलं आणि भाजीच्या सुरीनं ते फोडायला गेलो. सुरी सालीत रुतली ती बाहेर निघेना. मी जोर लावतोय, ओट्यावर सगळं हलतंय, बायको ओरडतेय. ते मागून आले, माझ्या हातातून शहाळं काढून घेतलं, सुरी एका बाजूला वाकवून सोडवली.

"कोयता न्हाई का घरात?"

"नाही."

"मग असंच बघू," ते म्हणाले, आणि खाली फरशीवर मांडी घालून बसले. एकेक पातळ काप काढत, सावकाश, रोज भिंतीवरून द्यायला सोलायचे तसे.